बिऱ्हाड निघालं लिनारीला

झिसिसच्या वहीत सत्तेचाळीस कलमं होती आणि त्यातलं सव्विसावं कलम सकाळी साडेपाचलाच कुंपणावरून उडी मारून पळून गेलं. हे कलम म्हणजे मांजर. बाकीची शेहेचाळीस अजून जागेवर होती, पण झिसिसचा धीर सुटायला एवढं पुरेसं होतं. नळजोडणीचा धंदा करणारा माणूस तो. एका सांध्यातून गळायला लागलं की पुढे काय काय भिजतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

“मांजराने ठरवलं, ते येत नाही,” पोलिक्सेनी म्हणाली. “खोडून टाक आणि चल.”

पोलिक्सेनी त्याची बायको. हंगामी शिक्षिका. या नोकरीची रीत अशी की दर वर्षी ऑगस्टच्या शेवटी यादी लागते, यादीत आपल्या नावापुढे देशातलं कुठलंही गाव असतं आणि तीन दिवसांत तिथे जाऊन सही करायची असते. सही चुकली की नोकरी गेली, शिवाय पुढच्या वर्षीच्या यादीतून नाव बाद. दिदिमोतिखो हे त्यांचं गाव देशाच्या एका टोकाला, आणि सरकारला जणू दुसरं टोकच आवडायचं. चार हिवाळे ती दोन बॅगा घेऊन एकटी गेली. झिसिस आणि दोन मुलं त्याच्या आईच्या घरी. पोलिक्सेनी नाताळला यायची, ईस्टरला यायची, उन्हाळाभर राहायची आणि मुलं जरा जवळ आली की पुन्हा यादी लागायची.

यंदा सोमवारी यादी लागली. गाव: लिनारी. हे एक बेट आहे हे समजायलाच अर्धा तास गेला. नकाशावर एक ठिपका होता आणि तो बेटाचा की माशीचा, यावर घरात वाद झाला. पोलिक्सेनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि आवाज न चढवता म्हणाली, “या वर्षी मी एकटी जाणार नाही. सगळे आलात तर जाते. नाहीतर ही नोकरी गेली खड्ड्यात.”

झिसिसचं मन भरून आलं. चौघं एका छपराखाली, अख्खा हिवाळा! तो उठून तिला मिठीच मारणार होता, पण तेवढ्यात त्याला खर्च आठवला आणि तो पुन्हा खाली बसला.

बिऱ्हाड हलवून देणाऱ्या एका माणसाला त्याने फोन केला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून झिसिसला वाटलं, हा घर पायासकट उपटून नेणार असेल. म्हणून ठरलं की आपली कामाची व्हॅन घ्यायची. जहाजावर गाडीचं भाडं लांबीवर असतं, तेव्हा मागे ट्रॉली जोडायची नाही. व्हॅनमध्ये मावेल ते आपलं, उरेल ते आईच्या तळघरात. गुरुवारी दुपारी बाराच्या आत सही व्हायला हवी. त्यासाठी पिरेअस बंदरातून बुधवारी संध्याकाळी सातचं जहाज गाठायला हवं. त्यानंतरचं जहाज थेट शनिवारी. हातात दीड दिवस. झिसिसने नवी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो सेनापती झाला.

त्याचा नियम सोपा होता. ज्या वस्तूला तीन महिन्यांत हात लागला नाही ती येणार नाही. या नियमात हिवाळी कोट बाद झाले, चुलीचा धूर ओढणारा पाइप बाद झाला आणि लग्नाचा अल्बमही बाद झाला.

“तीन महिने वापर नाही म्हणून?” पोलिक्सेनी म्हणाली. “मग तुझं डोकंही इथेच ठेवून जाऊ.”

कोट परत आले. अल्बमही आला.

दहा वर्षांच्या लेमोनियाचं म्हणणं एकच होतं, कुत्रा नाही तर मी नाही. कुत्र्याचं नाव बारूत. झिसिसच्या वडिलांनी शिकारीसाठी आणला होता म्हणून नाव असं जबरदस्त, पण बाटलीचं बूच उडालं तरी तो टेबलाखाली जायचा. बारूतला पंचविसावं कलम मिळालं. मग पाच वर्षांचा स्तेर्गिओस अंगणातून कोंबडी काखेत मारून आला. तिचं नाव फ्रोसो, आणि ती त्याची जिवलग.

“कोंबडी? जहाजातून?” आजी कडाडली. “अरे, सूप करून डब्यात भरून देते. जागाही कमी लागेल.”

यावर स्तेर्गिओसने एक तास असा गळा काढला की शेजारच्या बाई कोणी गेलं का विचारायला आल्या. फ्रोसो सत्ताविसावं कलम झाली.

आजीचा स्वतःचा एक बेत होता आणि तो सगळ्यात स्वस्त होता. मंगळवारी दुपारी तिने तो सुनेसमोर मांडला. “पोरं ठेव माझ्यापाशी. कुत्रा ठेव, कोंबडी ठेव. तू एकटी जा. एक तिकीट, दोन बॅगा. चार वर्षं जातेसच की, सवय झालीय तुला.”

“सवय झालीय म्हणूनच नाही जायचं, आई.”

आजी उठली. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने कणीक मळायला घेतली. तिला राग आला की ती स्वयंपाक करायची आणि दुःख झालं की त्याच्या दुप्पट. संध्याकाळपर्यंत चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या दोन पराती, तेलाचा डबा, लोणच्याच्या मिरच्यांच्या सहा बरण्या आणि सुकवलेल्या शेवयांची गोणी दारात येऊन पडली. शेवटी तिने तळघरातून आपल्या लग्नातली गादी ओढत आणली. अस्सल मेंढीच्या लोकरीची, दोन माणसांनी उचलायची.

“आई, गादी वहीत नाही.”

“तुझी वही गेली चुलीत. पोरं दगडावर झोपणार का तिकडे?”

गादी आत मावेना. मग ती दुमडून, दोर करकचून, व्हॅनच्या मागच्या दारांना बाहेरून बांधली. झिसिसने वहीत सत्तेचाळीसावं कलम लिहिलं आणि त्याला मनातून वाईट वाटलं, कारण शेहेचाळीस हा आकडा पानावर नेमका बसला होता.

सहा वाजता सगळे गाडीत बसले. पुढे नवरा-बायको आणि मध्ये लेमोनिया, तिच्या पायांत बारूत. मागच्या बाकावर स्तेर्गिओस, फळांच्या पेटीत फ्रोसो, आणि चहूबाजूंनी संसार. आता आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीमागे पाणी टाकतात, वाट पाण्यासारखी सरळ वाहावी म्हणून. पेलाभर टाकतात. फार तर तांब्याभर. पण आजी त्या वेळी न्हाणीघरात होती आणि कोणाला दिसू नये म्हणून नळ सोडून रडत होती. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तसं तिने नळाखाली होतं तेच उचललं. ती फरशी पुसायची बादली होती, आणि काठोकाठ भरली होती.

“पाण्यासारखे जा रे, बाळांनो!” म्हणत तिने अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ती निघालेल्या गाडीवर मारली. पोरांना काचेतून आजी हात हलवताना दिसली. ते पाणी कुठे गेलं हे कोणी पाहिलं नाही.

कोरडी लोकर हलकी असते. ओली लोकर काय असते ते त्यांना वाटेतल्या कावाला शहराच्या अलीकडे कळलं. मागून एक मालट्रकवाला भोंगा वाजवायला लागला, मग दिवे मारायला लागला, शेवटी शेजारून जाताना खिडकीतून ओरडला, “अहो, तुमची झोप रस्त्यावर लोळतेय!”

झिसिसने गाडी बाजूला घेतली. गादी बादलीभर पाणी पिऊन ढेरपोट्या पाहुण्यासारखी खाली सरकली होती. एक दोर तुटला होता, आणि उरलेल्या दोराच्या ओढीने डाव्या दाराची बिजागरी वाकली होती. अशीच नेली तर दार निखळून अर्धा संसार रस्त्यावर सांडला असता. पिळता येईना, टाकून द्यावी तर आईला काय तोंड दाखवणार? शेवटी समुद्राकडेच्या कठड्यावर ती उन्हात पसरली, झिसिस बिजागरी सरळ करायला लागला आणि सगळे गादीकडे बघत बसले.

“आजी म्हणाली होती वाट वाहील,” लेमोनिया म्हणाली. “गादीतून वाहतेय.”

पोलिक्सेनी हसायला लागली. झिसिस हसला नाही. त्याने वहीत एक तास राखीव ठेवला होता आणि दोन तास उलटून गेले होते. पुढच्या वाटेवर बारूतला तीनदा मळमळलं, फ्रोसोने एक अंडं घातलं, स्तेर्गिओसला दर वीस मिनिटांनी लागली, आणि दर वेळी झिसिस घड्याळाकडे असा बघायचा की त्या बिचाऱ्या पोराची आणखीच अडायची.

पिरेअसच्या धक्क्यावर ते पोहोचले तेव्हा सात वाजायला वीस मिनिटं होती. जहाज समोर होतं. झिसिसने आनंदाने भोंगा वाजवला, गाडी वळवली आणि उलटी चढवायला घेतली, तेवढ्यात तोंडात शिट्टी धरलेला एक खलाशी आडवा आला.

“कुठे निघालात? गाड्या झाल्या. भरलं.”

“माझं तिकीट आहे!”

“तिकीट तास आधी येणाऱ्याला. सिमेंटचे दोन ट्रक चढले तुमच्या जागेवर. तुमची शनिवारी घेतो.”

“अहो, बायकोला उद्या बाराच्या आत सही करायचीय!”

“मग बायको येऊ दे. माणसांना जागा आहे, गाडीला नाही. दहा मिनिटं आहेत.” आणि तो शिट्टी वाजवत दुसऱ्या कोणावर तरी ओरडायला गेला.

 मग पोलिक्सेनीने दार उघडलं, पायाशी ठेवलेली कागदपत्रांची पिशवी घेतली, आणि मागून आपल्या दोन बॅगा काढल्या. कुठली बॅग कुठे आहे हे तिला न बघता कळत होतं. चार वर्षांचा हात तो.

“तुम्ही शनिवारी या,” ती म्हणाली. “तीनच दिवस.”

“शनिवारी वारा असला तर?” लेमोनियाने विचारलं. तिचा आवाज सपाट होता. “मग बाबा म्हणेल, परत जाऊ, नाताळला भेटू. मला माहितीय.”

झिसिसने वही उघडली. का उघडली हे त्यालाही सांगता आलं नसतं. सत्तेचाळीस कलमं होती. कपडे धुण्याचं यंत्र होतं, त्याची हत्यारं होती, हिवाळी कोट होते, लग्नाचा अल्बम होता. बायको एकटी जहाजाच्या उतारावरून वर चढतेय आणि आपण खालून हात हलवतोय, याचं कलम त्यात नव्हतं. आणि हाच एक देखावा त्याला आयुष्यात पुन्हा बघायचा नव्हता. त्याला एकदम स्वतःचाच संताप आला. दीड दिवस आपण भांडी मोजत होतो!

“उतरा!” तो ओरडला. “सगळे उतरा!”

“आणि सामान?”

“सामानाला सही करायची नाहीये! हाताला येईल ते घ्या आणि पळा!”

लेमोनियाने कुत्रा घेतला. स्तेर्गिओसने पेटी उचलली. पोलिक्सेनीने दोन बॅगा आणि वर पापुद्र्यांची परात. झिसिसने आधी हत्यारांच्या पेटीला हात घातला, पण तिच्यावर धुण्याचं यंत्र होतं. अगदी शेवटी बांधलेलं आणि सगळ्यात आधी सुटणारं असं एकच काही होतं. त्याने दोर कापला आणि गादी पाठीवर घेतली.

“गाडी कुठे लावू?” त्याने खलाशाला विचारलं.

“त्या भिंतीशी लावा, किल्ली टपरीवाल्याकडे द्या. शनिवारी मी चढवतो.”

“चोरीला गेली तर?”

खलाशाने व्हॅनकडे पाहिलं. मग गादीखालच्या झिसिसकडे पाहिलं. “नाही जाणार,” तो म्हणाला.

गाडी भिंतीशी लावून आले, तर उतारावर दुसरा एक अधिकारी उभा होता. “पेटीत काय?”

“कोंबडी,” स्तेर्गिओस म्हणाला.

“जिवंत?”

“आजीच्या हातून वाचलीय.”

त्या माणसाने हातातला नियमांचा कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. त्याच्या कागदावर कुत्र्याचे नियम होते, मांजराचे होते, पोपटाचेही होते. कोंबडीचं काहीच नव्हतं. “वरच्या डेकवर बसा आणि मला पुन्हा दिसू नका,” तो म्हणाला. तेवढ्यात जहाजाने भोंगा दिला, बारूतने पट्ट्यातून मान सोडवली आणि तो जमिनीवर टेकवलेल्या गादीच्या घडीत शिरला. काही केल्या बाहेर येईना. शेवटी दोन खलाशांनी आणि झिसिसने गादी कुत्र्यासकट उचलली, आणि बारूत पालखीत बसून जहाजावर चढला.

वरच्या डेकवर चौघांनी त्याच गादीवर अंग टाकलं. ती अजून दमट होती आणि तिला मेंढीचा वास येत होता. झिसिस मागे राहिलेल्या एकेका वस्तूचं नाव घेऊन उसासे टाकत होता. कोटांपर्यंत आला तेव्हा बाकीचे तिघं झोपले होते.

सकाळी साडेनऊला लिनारी आलं. धक्क्यावर अख्खं गाव उभं होतं, म्हणजे तीसेक माणसं. झिसिस लाजेने अर्धा झाला. नव्या बाई येणार म्हणून लोक असे इस्त्रीचे कपडे घालून आलेत आणि आपण काय घेऊन उतरतोय, तर एक कोंबडी आणि ओली गादी! बघतील तर म्हणतील, कुठून भिकारी आले.

सगळ्यात पुढे काळ्या झग्यातले पाद्रीबुवा होते. शेजारी कॅफे चालवणारी मारूसो, कंबरेवर हात. आणि त्या दोघांच्या मधे सात वर्षांची एक मुलगी, केस पाणी लावून चापूनचोपून बसवलेले. तिचं नाव आनेझा. लिनारीच्या शाळेत गेली दोन वर्षं ती एकटी होती. पहिलीही तीच आणि हजेरीत शेवटचीही तीच.

पोलिक्सेनीने नेमणुकीचा कागद काढून पुढे केला. त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. सगळे तिच्या मागे बघत होते.

“दोन आहेत!” मारूसो ओरडली. “बाई, दोन्ही तुमचीच ना? का एखादं कोणाचं पोहोचवायला आणलंय?”

“माझीच.”

“राहणार?”

“राहणार.”

पाद्रीबुवांनी देवाचं नाव घेतलं. आनेझा पुढे आली, तिने स्तेर्गिओसला नीट पाहून घेतलं, मग लेमोनियाला, आणि मग आजूबाजूच्या मोठ्या माणसांना ठणकावून सांगितलं, “आता लपाछपी होईल.”

“आमचं सामान मागे राहिलं,” झिसिस कसाबसा म्हणाला. “शनिवारी येईल. निदान यावं.”

“सामानाचं काय घेऊन बसलात?” मारूसो म्हणाली. “सामान आमच्याकडे ढीग आहे. पोरं नव्हती.”

अकरा वाजता सही झाली. शाळेची किल्ली पाद्रीबुवांच्या होडीत राहिली होती म्हणून तेवढा उशीर. तोवर बाईंसाठी ठेवलेल्या घरात सामान यायला लागलं. ज्याला जे सुचलं ते त्याने आणलं, कोणी कोणाला विचारलं नाही. दुपारपर्यंत घरात चौदा खुर्च्या होत्या, पाच पातेली होती, तीन भिंतीवरची घड्याळं होती आणि एकही चमचा नव्हता. चार पलंग आले. एका म्हातारीने पाळणा आणला आणि पोलिक्सेनीने नको म्हटल्यावर “असू दे, असू दे” म्हणून कोपऱ्यात ठेवून गेली. झिसिसने मारूसोच्या कॅफेतला गळका नळ तिच्याच पक्कडीने दुरुस्त केला, तेव्हा बाहेर आणखी चार जण आपापल्या नळांची कहाणी घेऊन उभे होते. संध्याकाळी बारूत दारात झोपला, फ्रोसो पायरीवर चढून नवं गाव बघत बसली, आणि झिसिसला वाटलं, जमलं. एकदाचं जमलं.

जेवणं झाली. लेमोनिया पडल्या पडल्या झोपली. स्तेर्गिओस मात्र पलंगावर ताठ बसून होता.

“झोप ना, राजा.”

“आठ वाजले.”

“मग?”

“मग आईला फोन लाव.”

झिसिसला आधी वाटलं, पोरगा गंमत करतोय. “अरे, आई इथेच आहे. स्वयंपाकघरात.”

“नाही,” स्तेर्गिओसने बापाची समजूत घातली. “शाळा सुरू झाली ना? मग आई लांबच्या गावी असते. आठ वाजता फोन लावायचा असतो.”

 चार हिवाळे रोज आठ वाजता झिसिसच फोन लावून द्यायचा, आणि मग पोरगा शहाण्यासारखा झोपायचा. किती समजूतदार आहे म्हणून झिसिस चारचौघांत त्याचं कौतुक करायचा.  त्याने खिशातून फोन काढला, लावला आणि पोराच्या हातात दिला.

स्वयंपाकघरात घंटा वाजली. भांड्यांचा आवाज थांबला. 

“हॅलो, माझ्या सोन्या,” पोलिक्सेनीचा आवाज फोनमधून आला आणि भिंतीपलीकडूनही आला. “जेवलास?”

“हो.”

“दात घासले?”

“हो. फ्रोसोला पाणी पण दिलं.”

“शहाणा माझा. अजून काय सांगतोस?”

स्तेर्गिओसने जरा विचार केला आणि रोज शेवटी विचारायचा तोच प्रश्न विचारला. “तू कधी येणार?”

 बोळातून पावलं आली, दार उघडलं आणि पोलिक्सेनी उंबऱ्यात उभी राहिली. हात ओले, फोन कानाला, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. स्तेर्गिओसने तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं. मग फोन पुन्हा तोंडाशी नेला.

“आई आली,” त्याने सांगितलं. “आता ठेवतो.”